कोरडा ठेवलेला कोपरा

आमच्या वस्तीवर रविवारची सकाळ डिझेलच्या वासाची असायची. हे, म्हणजे माझे यजमान, ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं थोडं डिझेल लोणच्याच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणात ओतून घ्यायचे, लिंबाखाली पोतं अंथरायचे आणि कुत्र्याला हाक मारायचे. कुत्र्याला नाव नव्हतं. "चल रे" एवढंच म्हणायचे, आणि तो येऊन पोत्यावर आडवा व्हायचा. मग कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या, शेपटीचं मूळ, सगळं बोटांनी चाचपत हे गोचीड शोधायचे. सापडला की चिमट्याने कातडीलगत धरायचा, सरळ ओढायचा, पिळायचा नाही, चिरडायचा नाही, आणि झाकणात टाकायचा. चिमटा माझा होता, भुवयांचा. एकदा तो लिंबाखाली गेला तो परत आला नाही, आणि मीही कधी मागितला नाही.

मी तेव्हा ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली असे. बारामतीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आठवडाभर तिथल्या फ्लॅटमध्ये आणि शनिवारी संध्याकाळी कळंबच्या पुढे आमच्या वस्तीवर, असं आमचं बरीच वर्षं चाललं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात हे, सासूबाई आणि कुत्रा. सासूबाईंना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी आत्या म्हणते. दोन शेतं ओलांडली की धाकट्या भाऊजींचं घर.

झाकणात पडलेल्या गोचिडांकडे मी कधी बघत नसे. एकदा ह्यांनी मुद्दाम झाकण माझ्या पुस्तकाशेजारी आणून ठेवलं होतं. "वाच की. हे पण छापील अक्षरच हाय," म्हणाले. मी ओरडले, आत्या आतून हसल्या. रक्त पिऊन टरारलेला एक गोचीड एरंडाच्या बीसारखा दिसत होता, राखाडी, चकचकीत. पाय इतके बारीक की आधी दिसलेच नाहीत.

हे मार्चमध्ये गेले. द्राक्षाचा माल निघून बागेची खरड छाटणी व्हायची होती. सकाळी बागेतून आले, सोप्यात खाटेवर बसले आणि आईकडे पाणी मागितलं. आत्या तांब्या घेऊन येईपर्यंत आडवे झाले होते. मी त्या वेळी बारामतीत होते. फोन भाऊजींनी केला. ते फक्त "वहिनी, या" म्हणाले.

मी पोचले तेव्हा ह्यांना खाली जमिनीवर घेतलं होतं, सोप्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात. खाट बाहेर काढली होती. कुत्रा भिंतीला पाठ लावून बसला होता. कुणी हाकललं तरी उठत नव्हता. माती झाली, माणसं अंघोळी करून परतली, तरी तो तिथेच होता.

त्या संध्याकाळी, आमच्याकडे करतात तसं, फरशीवर तेवढी जागा सारवून तिथे ज्वारीचं पीठ पसरलं, मधोमध दिवा ठेवला आणि वर वेताची पाटी पालथी घातली. रात्रभर कुणी पाटीला हात लावायचा नाही. सकाळी पाटी उचलायची आणि पिठावर काय उमटलं ते पाहायचं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं म्हणतात. पाखराची पावलं दिसतात, कधी लहान मुलाचं पाऊल. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, आणि म्हातारी माणसं बोटाने दाखवून काहीतरी दिसल्याचं सांगतात. माझ्या वडिलांच्या वेळी गाईचं पाऊल दिसलं असं सगळे म्हणाले होते. मला दिसलं नव्हतं, पण मीही मान हलवली होती.

सकाळी भावकीतल्या एका काकींनी पाटी उचलली. दिवा विझला होता. पीठ सपाट होतं आणि त्यावर एक ओळ होती. भिंतीच्या बाजूने निघून दिव्याला वळसा घालून पुन्हा भिंतीकडे गेलेली. बारीक बारीक टिंबांच्या दोन रांगा, सुईने टोचल्यासारख्या. कुणाला बोट दाखवून सांगावं लागलं नाही.

काकी म्हणाल्या, "मुंगी असंल."

"मुंगीची रांग अशी नसती," आत्या म्हणाल्या. त्या खाली बसल्या, पिठाला न शिवता वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. जमीन आणि भिंत मिळतात तिथल्या भेगेजवळ पीठ लागलेला एक गोचीड चालला होता. सावकाश. तो भेगेत शिरला.

"आई, गोचिड हाय त्यो," भाऊजी म्हणाले. "कुत्रं बसलं हुतं न्हवं दिवसभर हितं. त्येच्या अंगावरनं पडला."

"मग मी कुठं न्हाय म्हणती?" आत्या म्हणाल्या. "गोचिडच हाय."

काकींनी पदर तोंडाला लावला. आत्या उठल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, उद्या कुठली भाजी करायची हे सांगावं तसा. "वर्षसराध हुईस्तवर ह्या घरात किडामुंगी मारायची न्हाय. कुणीबी. सांगून ठिवते."

त्यावर वाद घालायला ती वेळ नव्हती. मला वाटलं, तेरावा झाला की विसरतील.

तेराव्यानंतर मी वस्तीवरच राहायला आले. स्कूटरवर कॉलेजला जायचं, संध्याकाळी परत यायचं. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या, रस्ता मोकळा असायचा. घरी आले की कुत्रा कोपऱ्यात असे आणि आत्या समोरच्या भिंतीला टेकून बसलेल्या असत. दोघांच्या मध्ये, वर, ह्यांचा फोटो. हार आत्या रोज बदलत.

पुढच्या रविवारी मी ह्यांचं कपाट उघडलं. द्राक्षाच्या कात्रीशेजारी माझा चिमटा होता. एका पिशवीत जंताच्या गोळ्या आणि मानेवर सोडायच्या औषधाच्या दोन लहान नळ्या. दर महिन्याला थेंब, तीन महिन्यांनी गोळी, आणि रविवारी हात, असा ह्यांचा क्रम होता. महिना उलटून गेला होता. मी झाकण शोधलं, डिझेल ओतलं, पोतं अंथरलं आणि म्हणाले, "चल रे."

कुत्रा आला नाही. मी जाऊन त्याला पट्ट्याला धरून आणलं. कानाची घडी उलटली आणि हात तसाच राहिला. आतली कातडी दिसत नव्हती. एकाला एक खेटून, लहानमोठे, मातीच्या रंगाचे, राखाडी, आणि त्यांच्यामध्ये खसखशीसारखे अगदी बारीक. सगळे तोंड आत घालून स्थिर होते. मी पहिला ओढला आणि झाकणात टाकला.

आत्या केव्हा बाहेर आल्या ते कळलं नाही. त्यांनी वाकून झाकण उचललं आणि मातीत पालथं केलं. डिझेल जिरलं. गोचीड ओल्या मातीत पाय हलवत होता.

"सांगितलं हुतं न्हवं?"

"आत्या, त्याचा कान बघा. जीव जाईल त्याचा."

"जनावराला गोचिड असत्यातच. आमच्या बैलांना काय कमी हुतं? मेलं का एखादं?" मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या पुस्तकात असंल येगळं. पर माझ्या डोळ्यानं मी बघितलंय."

मी पुस्तकातलंच सांगणार होते. आदल्या आठवड्यात ग्रंथालयात शेतीच्या कपाटातलं पशुवैद्यकाचं एक जाडजूड पुस्तक काढून मी वाचलं होतं. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड रानात कमी आणि घरात जास्त राहतो. रक्त पिऊन झालं की तो खाली पडतो आणि वर चढतो. भिंतीच्या भेगा, चौकटीची फट, तुळईचा सांधा, फोटोची मागची बाजू, असल्या कोरड्या अंधाऱ्या जागी मादी हजारोंनी अंडी घालते आणि मरते. पिल्लं महिनोन्महिने उपाशी वाट पाहू शकतात. जवळून काही उबदार श्वास घेत गेलं, की पुढचे पाय उचलून पसरतात. ते पान मी दोनदा वाचलं आणि पुस्तक पुन्हा कपाटात ठेवलं. घरी नेलं नाही.

त्या रविवारनंतर मी मानेवर थेंब सोडायचं ठरवलं, पण नळ्या कपाटात नव्हत्या. मी आत्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

भिंतीवर चढणारा पहिला गोचीड मला एप्रिलच्या मध्यावर दिसला. संध्याकाळ होती, मी दिवाबत्ती करत होते. फोटोच्या खाली हातभर अंतरावर एक ठिपका वर चालला होता. चुन्याच्या भिंतीवर तो इतका स्पष्ट होता की मी आधी खिळ्याचं भोक समजले. मग आणखी एक दिसला, चौकटीजवळ. मग मी बघणं थांबवलं, कारण नजर तयार झाली की सगळीकडे दिसू लागतात.

आत्यांनाही दिसत होते. जमिनीवर एखादा सापडला की त्या पिंपळाच्या वाळक्या पानावर त्याला चढवून घेत, बाहेर नेत आणि ओसरीच्या दगडावर अलगद सोडत. "जा बाबा," म्हणत. मी एकदा उभी राहून पाहिलं. दगडावर सोडलेला गोचीड थोडा वेळ थांबला, पुढचे पाय हवेत उचलले, जणू हुंगतो आहे, आणि वळून उंबऱ्याकडे चालू लागला. आत्या त्याच्याकडे बघत होत्या.

"घरच वळखतंय," म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवलं नाही.

भाऊजी आले की तेवढं वातावरण हलकं व्हायचं. त्यांनी एकदा कोपऱ्याकडे बघून म्हटलं, "आई, ह्यातला दादा नेमका कंचा? म्हंजे मला पाया पडायला बरं."

"तुझ्या तोंडात किडं पडतील," आत्या म्हणाल्या.

"ते पण मारायचं न्हाय का मग?"

आत्यांनी लाटणं उगारलं. भाऊजी पळाले, मीही कितीतरी दिवसांनी हसले. कुत्र्याने मान वर केली नाही. एरवी भाऊजींचा आवाज आला की शेपटी आपटायचा.

मे महिन्यात एका सकाळी फरशी पुसताना मला फोटोखाली रक्ताचे थेंब दिसले. ताजे होते. फोटोला लावलेलं कुंकू गळलं असेल म्हणून मी हात लावला. थेंब कोपऱ्याकडे गेले होते. कुत्रा पुढच्या पायांवर तोंड टेकून पडला होता आणि नाकातून, एकाच बाजूने, बारीक धार लागली होती. तो चाटत होता, पुन्हा येत होती. आदल्या रात्रीची भाकरी ताटलीत तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"आत्या," मी म्हणाले, "मी ह्याला बारामतीला नेते आहे."

त्यांनी रक्त पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. "ने," म्हणाल्या.

भाऊजींनी टेम्पो काढला. लासुर्ण्याच्या पुढे कुत्र्याने मान माझ्या मांडीवर टाकली. आयुष्यात प्रथमच. तोवर तो माझा कधीच नव्हता, ह्यांचा होता. मला त्याचं वजन जाणवलं आणि ते फार कमी होतं.

डॉक्टरांनी ताप पाहिला, रक्त काढलं आणि हातमोजे घालून कान उलटले. ते कमी बोलणारे गृहस्थ होते.

"गोचीडताप. रक्त निम्मं राहिलंय. महिनाभर गोळ्या लागतील. आज सलाईन लावतो. वाचायची शक्यता आहे, पण आठवडाभर काही सांगत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात दिसतात का? भिंतीवर?"

"दिसतात."

"कुत्र्याच्या अंगावर असतात ते थोडे. ते जेवायला आलेले असतात. राहायला तुमच्या भिंतीत आहेत." त्यांनी मोजे काढले. "बरा झाला तरी घर फवारल्याशिवाय परत नेऊ नका. मानेवरच्या थेंबांनी अंगावरचे मरतील, पण इतके असले तर एखादा आधी चावतोच. पुन्हा ताप आला तर ह्या वेळचं रक्त भरून यायच्या आत येईल. मग माझ्याकडे आणण्यात अर्थ नाही."

भाऊजी म्हणाले, "डॉक्टर, म्हशीचं औषध हाय घरात. तेच मारू का ह्येच्या अंगावर?"

"म्हैस अंग चाटून साफ करते का? हा करतो. घरावर मारायचं वेगळं लिहून देतो. बाटलीवर आहे तेवढंच पाण्यात टाका."

"बागेला आमी थोडं वरच टाकतो."

"कुत्रा म्हणजे द्राक्ष नव्हे," डॉक्टर म्हणाले. भाऊजी परत येताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून हसत होते. "आन् आमच्या म्हशीला डॉक्टर दारात येतो. ह्यो साहेब सलाईन लावून फ्लॅटमध्ये."

फ्लॅटमध्ये मी त्याला पुस्तकांच्या खोलीत ठेवलं. खाली जुनी चादर, शेजारी पाणी. गोळी गुळाच्या खड्यात लपवून द्यायची, दोन बोटांनी घसा चोळायचा. पहिल्या दिवसांत तो दाराकडे तोंड करून पडे. थेंब सोडल्यावर त्याच्या अंगावरून मेलेले गोचीड गळत आणि मी ते झाडूने गोळा करून चुलीत जाळावेत तसे गॅसवर, चिमट्यात धरून, एक एक जाळत असे. वास येई. खिडकी उघडली तरी जात नसे. वस्तीवरच्या नियमाबाहेर मी होते, आणि तरी प्रत्येक वेळी मला मागे वळून बघावंसं वाटे.

आत्यांचा फोन रोज येई.

"खातंय का?"

"आज चतकोर भाकरी खाल्ली दुधात."

"रगत?"

"थांबलंय."

"हितं कवा आणतीस?"

"घर फवारल्याशिवाय नाही आणता येणार, आत्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

मग तिकडून एवढंच ऐकू येई: पंख्याचा आवाज, लांबवर मोटर. "मग ऱ्हाऊ दे तितंच," म्हणत आणि फोन ठेवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी, पुन्हा पहिल्यापासून. मला भाऊजींकडून कळलं की त्या आता सोप्यातच झोपतात, कोपऱ्याजवळ अंथरूण टाकून. त्यांच्या पायावर लाल पुळ्या उठल्या होत्या. खाजवून खाजवून जखमा झाल्या होत्या.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी बेल वाजली. दारात आत्या होत्या, मागे भाऊजी. त्या बारामतीच्या फ्लॅटवर क्वचितच येत. लिफ्टला भीत, तीन मजले जिना चढून आल्या होत्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "कुठं हाय?"

पुस्तकांच्या खोलीत त्या खाली बसल्या. कुत्र्याने त्यांचा पदर हुंगला, हात हुंगले, उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय घसरले, आणि तो सरपटत येऊन त्यांच्या मांडीत शिरला. आत्यांनी त्याचा ओठ वर केला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हिरड्या तोवर थोड्या सुधारल्या होत्या, पण अजून फिकट होत्या. त्या खूप वेळ बघत राहिल्या.

"त्येचं बी व्हट असंच झालं हुतं," म्हणाल्या. "तांब्या घिऊन आले तर असंच. पांढरंफटक. मी पाणी घातलं, ते भाईर आलं."

इतक्या महिन्यांत त्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं होतं. भाऊजी खिडकीकडे वळले.

"फवारा," आत्या म्हणाल्या.

मी कुत्र्याची पाण्याची वाटी जवळ सरकवली.

"पर त्यो कोपरा सोडायचा. माझ्या लेकाच्या अंगाखालची जागा तेवढी. बाकी सगळं फवारा, माझ्या अंथरुणावर मारा, देव्हाऱ्यावर मारा. त्या कोपऱ्यात थेंब पडता कामा न्हाय."

"एवढ्याशा जागेनं काय हुतंय," भाऊजी मला म्हणाले, पण प्रश्नासारखं. त्यांनाही माहीत होतं. मिलीबगची कीड बागेत वेलीच्या एका आडव्या ओलांड्यावर राहिली तरी काय होतं हे त्यांनीच मला अनेकदा ऐकवलं होतं.

ठरल्या दिवशी सगळं सामान बाहेर काढलं. भाऊजींनी औषध बाटलीवरच्या मापानेच मोजलं, माझ्यासमोर, आणि पाठीवर पंप चढवला. मी तोंडाला ओढणी बांधून त्यांच्या मागे होते. आत्या लिंबाखाली पोत्यावर बसल्या होत्या, जिथे हे बसायचे. ह्यांचा फोटो त्यांच्या मांडीवर होता, काच छातीकडे केलेली. फोटो उतरवताना त्याच्या मागे, पुठ्ठा आणि चौकटीच्या मधल्या फटीत, मला तपकिरी साबुदाण्यासारखा एक पुंजका दिसला होता. चिकट, चमकणारा. फोटो आत्यांना द्यायच्या आधी मी तो पुंजका सुरीने खरवडून पंपाच्या धारेखाली टाकला. फोटो जागेवर परत लावताना आत्यांनी मागची बाजू पुसलेली पाहिली असणार.

फवारा भिंतीवर पडला की भिंत काळी होत जायची. चौकटीच्या फटीतून ते बाहेर आले. आधी थोडे, मग बरेच, मग भिंत हलते आहे असं वाटण्याइतके. वर चढत, खाली पडत. इतके आमच्याबरोबर राहत होते. आम्ही तिथे जेवत होतो. आत्या तिथे झोपत होत्या.

शेवटी उत्तरेचा कोपरा राहिला. ओल्या जमिनीत तेवढी जागा कोरडी, फिकट, माणूस झोपावा एवढी. भिंतीतून निघालेले काही तिकडे चालले होते. भाऊजींनी नळी खाली धरली आणि हळूच म्हणाले, "वहिनी, मारू का गपचूप? ती तिकडं बसलीया. वाळून जाईल. कळायचं बी न्हाय."

मी दारातून पाहिलं. आत्यांची पाठ आमच्याकडे होती. त्या मुद्दाम पाठ करून बसल्या होत्या की तशाच, हे मला सांगता येत नाही. माझ्या एका शब्दाचा प्रश्न होता. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं. कुत्र्याचं वजन माझ्या मांडीला अजून आठवत होतं.

"नको," मी म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, आश्चर्याने नाही. पंप उतरवला. मी शिकलेली बाई आहे, पुस्तकांत माझं आयुष्य गेलं. पण त्या सकाळी पिठावरची ओळ मीही पाहिली होती, भिंतीतून निघालेली, दिव्याला वळसा घातलेली. ती गोचिडाचीच होती. एवढं माहीत असून मला 'मारा' म्हणवलं नाही.

गोळ्यांचा महिना संपल्यावर पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. घर फवारलं का? मी हो म्हणाले. सगळं? ते कपाटात काहीतरी शोधत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मी म्हणाले, हो.

आम्ही त्याला वस्तीवर आणलं त्या दिवशी आत्यांनी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. घराला औषधाचा उग्र वास होता, फरशी चकचकीत, भिंतींना नवा चुना. नवी सतरंजी मी दारापाशी अंथरली होती, उजेडात, कोपऱ्यापासून सगळ्यात लांब. तो तिथे क्षणभर उभा राहिला. मग आत गेला, फोटोखालून, नखं फरशीवर वाजवत, आणि त्या कोपऱ्यात गोल फिरून, भिंतीला पाठ लावून, बसला.

"बघ," आत्या म्हणाल्या. "कुणी दावलं न्हाय त्येला."

मी सतरंजी तिथे नेली, पुन्हा दारापाशी आणली, त्याला पट्ट्याला धरून ओढलं. तो येतो. मी आत गेले की परत जातो. पट्ट्याने ओसरीच्या खांबाला बांधला तर रडतो, आणि आत्या सोडतात.

आता हे काम माझं आहे, आणि ते रविवारपुरतं नाही. रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की मी लिंबाखाली पोतं अंथरते, झाकणात डिझेल घेते, चिमटा घेते. महिन्याच्या ठराविक तारखेला थेंब. "चल रे" म्हटलं की आता येतो. कान, मान, बेचक्या, शेपटीचं मूळ. ह्यांच्यापेक्षा सावकाश करते, चष्मा लावून, बोट ठेवून ओळ वाचावी तशी. हिरड्या रोज बघते. गुलाबी आहेत. काल जरा फिक्या वाटल्या, पण उजेड उतरला होता.

मी बाहेर बसले की आत्या सोप्यात कुशीवर होतात, तोंड भिंतीकडे. जाग्या असतात. मी आवरून उठते तेव्हा तिकडूनच विचारतात.

"घावला का काय?"

कालही विचारलं. मी झाकणावर तळहात ठेवला.

"नाही, आत्या."

"न्हाय ना? मग बरं."

झाकणात खसखशीएवढा एक होता. डिझेलमध्ये पाय हलवत होता, मग थांबला. कुत्रा उठला, अंग झाडलं, उंबरा ओलांडून आत गेला आणि कोपऱ्यात जाऊन पडला.